बाबासाहेबांचे भाऊराव : कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे जीवनकार्य

सायखेड्याच्या काठाने वाहणारी गोदावरी नाशिकहून येते. पंचवटीत रामकुंडापाशी जे पाणी तीर्थ म्हणून मस्तकी लावले जाते, तेच पुढे चांदोरी-सायखेड्याच्या शिवारात येऊन द्राक्षबागांना आणि कांद्याच्या वाफ्यांना मिळते. शंभर वर्षांपूर्वी या नदीच्या काठावरील सर्व माणसांना मात्र तिच्यावर सारखा हक्क नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला रामकुंडात उतरता येत नव्हते, काळाराम मंदिराची पायरी चढता येत नव्हती आणि गावातल्या पाणवठ्यावर घागर बुडवता येत नव्हती. ही स्थिती बदलण्यासाठी नाशिक जिल्ह्यातून जी माणसे उभी राहिली, त्यांत अग्रभागी नाव घ्यावे लागते ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे.

आपल्या भागातील जुन्या पिढीला हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. नव्या पिढीला ते नाशिकमधील एका सभागृहाच्या पाटीवरून अथवा शासनाच्या एका योजनेच्या अर्जावरून ठाऊक असते. ज्या माणसाने खेड्यापाड्यांतील समाजसेवेपासून प्रारंभ केला, जो पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सर्वांत विश्वासू सल्लागार झाला, संसदेच्या दोन्ही सभागृहांत बसला आणि अखेर पक्षाच्या अध्यक्षपदी पोहोचला, त्याचे जीवन पाटीवर आणि अर्जावर मावणारे नाही. बौद्ध समाजाने चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत तर त्यांचे स्मरण अधिकच उचित आहे; कारण शिकलेल्या माणसाने न शिकलेल्यांचे काय देणे लागते, हा प्रश्न दादासाहेबांच्या आयुष्याने आपल्यापुढे ठेवला आहे.

आंबे गावचे भाऊराव

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी एका महार कुटुंबात झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. परंतु कोल्हापूर संस्थानातील हा प्रकाश ब्रिटिश अमलाखालील नाशिक जिल्ह्याच्या खेड्यांत पोहोचला नव्हता. तेथे गावगाडा जुन्याच रीतीने चालू होता. महारवाडा गावाच्या बाहेर, शाळेत मुलाची जागा इतरांपासून दूर, पाणी दुसऱ्याच्या दयेवर आणि पोट बलुत्याच्या भाकरीवर.

भाऊरावांच्या तारुण्याचा काळ मात्र नव्या हालचालींचा होता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केले. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि साऱ्या मुंबई इलाख्यातील अस्पृश्य समाज खडबडून जागा झाला. या जागृतीच्या लाटेत नाशिक जिल्ह्यातील जे तरुण बाबासाहेबांकडे ओढले गेले, त्यांत भाऊराव होते. महाविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांच्यापाशी होती ती गावोगावची माणसे. कोणत्या गावी कोणाच्या घरी भाकर मिळेल, कोठे रात्री सभा भरवता येईल, कोणत्या पाटलाचा त्रास आहे आणि कोणता मामलेदार ऐकून घेईल, याची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. नाशिकमध्ये दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे कामही त्यांनी अंगावर घेतले.

वसतिगृह चालविणे ही गोष्ट आज सोपी वाटेल. त्या काळी शहरात शिकायला आलेल्या अस्पृश्य मुलाला भाड्याने खोली मिळत नसे आणि खाणावळीत पान मिळत नसे. म्हणून वसतिगृह हीच शिक्षणाची पहिली पायरी होती. धान्य जमविणे, वर्गणी मागणे, आजारी मुलाला दवाखान्यात नेणे, अशा कामांतून भाऊरावांची समाजसेवा घडत गेली. आपल्या शाळेच्या भोजनगृहात बसलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला या कामाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही.

काळारामाच्या दारात

भाऊरावांचे नाव इलाखाभर झाले ते काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधलेले हे मंदिर नाशिकच्या धार्मिक जीवनाचे केंद्र होते. ते अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी सत्याग्रह समिती स्थापन झाली आणि तिचे चिटणीसपद भाऊरावांकडे आले. अमृतराव रणखांबे यांच्यासारखे सहकारी त्यांच्या जोडीला होते. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नाशिक येथे परिषद भरली आणि हजारो स्त्री-पुरुषांची मिरवणूक शिस्तीने, चार-चारांच्या रांगेत मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांशी बसली.

एखाद्या दिवसाचा मोर्चा काढणे आणि दारात बसून राहणे यांत मोठे अंतर आहे. सत्याग्रहींच्या तुकड्या बदलायच्या, त्यांच्या मुक्कामाची सोय पाहायची, खेड्यांतून नवी माणसे बोलवायची, आलेल्यांची समजूत घालून त्यांचा हात दगडाकडे जाऊ द्यायचा नाही, अटक झालेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही याची चौकशी करायची, हे सारे चिटणीसाच्या शिरावर होते. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीचा रथ ओढण्यासाठी स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनीही हात लावावा अशी तडजोड ठरली होती. ऐन वेळी ती मोडली गेली. अस्पृश्यांना चकवून रथ पळविण्यात आला, दगडफेक झाली, अनेक जण जखमी झाले आणि खुद्द बाबासाहेबांनाही मार लागला. पुढे सुमारे वर्षभर मंदिराचे दरवाजे सर्वांसाठीच बंद ठेवण्याची पाळी आली.

या लढ्याची किंमत नाशिक शहरापेक्षा खेड्यांनी अधिक मोजली. सत्याग्रहाला माणसे पाठविली म्हणून महारवाड्यांवर बहिष्कार पडले. वाटा अडविल्या गेल्या, मजुरी बंद झाली, मुलांना शाळेतून हाकलण्यात आले. बाबासाहेब गोलमेज परिषदांसाठी लंडनला गेले, तेव्हा लढा चालता ठेवण्याचा भार भाऊरावांवर आला. नेता हजारो कोस दूर, समोर बंद दार आणि पाठीमागे उपाशी माणसे, अशा स्थितीत सत्याग्रह वर्षानुवर्षे टिकला. यावरून भाऊरावांच्या संघटनशक्तीची कल्पना येते.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी भाऊरावांना एक महत्त्वाचे पत्र लिहिले. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आपण लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी सुरू केला नव्हता, तर त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावे यासाठी केला होता, असा त्या पत्राचा आशय आहे. ते कार्य झाले आहे, आता शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी, असे बाबासाहेबांनी त्यांना सुचविले. ज्या लढ्यासाठी चार वर्षे घाम गाळला, तो थांबविण्याचा सल्ला भाऊरावांनी समजून घेतला आणि तो लोकांना समजावून सांगितला. आपल्याच मेहनतीचा मोह न बाळगणे कार्यकर्त्याला फार कठीण जाते. भाऊरावांना ते साधले.

विश्वासाचा पत्रव्यवहार

बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. बाबासाहेबांच्या चरित्राच्या अभ्यासकांना ती एक मौलिक साधन वाटतात. बहुतेक पत्रे इंग्रजीत आहेत आणि त्यांत मोठ्या राजकीय प्रश्नांबरोबर अगदी घरगुती वाटावीत अशी कामेही आहेत. सभेची तारीख, खटल्याचा खर्च, वसतिगृहाची अडचण, निवडणुकीतील उमेदवार, वर्तमानपत्रासाठी लागणारा पैसा, स्वतःची प्रकृती, कोणावर विसंबावे आणि कोणापासून सावध राहावे, अशा अनेक विषयांवर बाबासाहेब त्यांच्याशी मोकळेपणाने बोलताना दिसतात.

बाबासाहेबांचा स्वभाव सर्वांशी मन मोकळे करण्याचा नव्हता. जगातील मोठी विद्यापीठे पाहिलेला हा विद्वान दिंडोरी तालुक्यातील एका पदवी नसलेल्या कार्यकर्त्याचे मत विचारीत असे, याचे कारण स्पष्ट आहे. खेड्यातील माणसाच्या मनात काय चालले आहे, हे ग्रंथांत सापडत नाही. परिषदेत केलेला ठराव महारवाड्यात कसा घेतला जाईल, लोक किती दिवस कळ काढू शकतील, कोठे धीर सुटेल, या गोष्टी भाऊराव सांगू शकत. ते होकार देणारे होते म्हणून नव्हे, तर जमिनीवरची खरी खबर देणारे होते म्हणून ते सल्लागार ठरले. सत्तेच्या जवळ असलेल्या माणसाला गोड बोलण्याची सवय लागते. दुःखी लोकांच्या जवळ असलेल्याला खरे बोलावेच लागते.

येवला, विधिमंडळ आणि वतन

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. आपण हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा त्यांचा निर्धार आपल्याच जिल्ह्याच्या मातीत जाहीर झाला. याच परिषदेत काळाराम सत्याग्रह थांबविण्याचा निर्णय झाला. नाशिक जिल्ह्यातील या परिषदांमागे जी कार्यकर्त्यांची फळी होती, तिच्या केंद्रस्थानी भाऊराव होते. आपल्या निफाड तालुक्याला दिंडोरी, सिन्नर आणि येवला हे तीनही तालुके लागून आहेत. भाऊरावांचे जन्मगाव, वतनाच्या लढ्यातील परिषद आणि धर्मांतराची घोषणा ही सारी आपल्या शेजारचीच स्थळे आहेत, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. मंदिराच्या दारात बसणारा सत्याग्रही आता कायदे करणाऱ्यांच्या पंक्तीत बसला. तेथे त्यांनी विशेष आस्थेने हाताळलेला विषय महार वतनाचा होता.

वतन या शब्दाने आज अनेकांच्या मनात मानाची कल्पना येते. महार वतन ही प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ होती. सरकारी वसुलीचा पैसा तालुक्याला पोहोचविणे, अधिकाऱ्यांची सरबराई करणे, निरोप घेऊन गावोगाव धावणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे वतनदार महाराने कोणत्याही वेळी करावयाची. मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा मिळे. भाऊबंदांत वाटण्या होऊन तो तुकडा इतका लहान होई की, त्यावर एका घराचेही पोट भरत नसे. घरातील कर्ता पुरुष आजारी असला, तर मुलाला शाळा सोडून कामावर जावे लागे. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते. पुढे वतनी जमिनीवरील जुडी वाढविण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर येथे परिषद घेऊन बाबासाहेबांनी त्यास विरोध पुकारला. अखेर १९५८ मध्ये कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला आणि या वेठीचा कायदेशीर आधार नाहीसा झाला. वतनाच्या या प्रश्नानेच भाऊरावांना जमिनीच्या प्रश्नाकडे नेले. माणसाच्या पायाखाली स्वतःची जमीन नसेल, तर त्याची मान ताठ राहत नाही, हे सत्य त्यांनी महारवाड्यात पाहिले होते.

धम्मदीक्षा आणि पोरकेपण

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. येवल्याच्या घोषणेला एकवीस वर्षे झाली होती. काळारामाच्या दारात उन्हात बसलेल्या पिढीला आता त्या दाराची गरज उरली नाही. भाऊरावांसारख्या, ज्यांनी मंदिरासाठी लाठ्या झेलल्या आणि नंतर धम्माचा स्वीकार केला, त्यांच्या आयुष्यात हा सारा प्रवास सामावलेला आहे.

अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. दीक्षेचे कार्य अर्धे, पक्षाची नवी घडी कागदावर आणि चळवळीपुढे उभे असलेले प्रश्न मात्र जसेच्या तसे. भाऊराव आता दादासाहेब झाले होते. वयाने चोपन्न वर्षांचे आणि अनुभवाने समाजातील ज्येष्ठ. ज्याला सल्ला द्यावयाचा तोच गेला होता. येथून पुढे त्यांना स्वतःच निर्णय घ्यावे लागणार होते आणि त्या निर्णयांची टीकाही स्वतःच झेलावी लागणार होती.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने वातावरण तापले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि एन. शिवराज हे पहिले अध्यक्ष झाले. १९६२ ते १९६८ या काळात दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. पुढे पक्षाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

धोतर आणि सूट

या काळातील एक दुःखद प्रकरण टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पक्षस्थापनेनंतर दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, रिपब्लिकन पक्षात फूट पडली. एका बाजूस दादासाहेब गायकवाड आणि दुसऱ्या बाजूस बी. सी. कांबळे, दादासाहेब रूपवते असे तरुण, सुशिक्षित नेते होते. लोकांनी या वादाला धोतरवाले आणि सूटबूटवाले यांचा वाद असे नाव दिले. दादासाहेब धोतर नेसत, खेड्यातील भाषेत बोलत. समोरचे नेते शहरात शिकलेले, कायद्याचे जाणकार होते.

वादात तत्त्वाचा भाग होता, हे मान्य केले पाहिजे. कांबळे यांचा गट म्हणे की, स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत आता सनदशीर मार्ग उपलब्ध आहेत आणि सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत असे खुद्द बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितले आहे. भूमिहीनांची आंदोलने हा साम्यवादी मार्ग आहे, असाही आक्षेप होता. दादासाहेबांच्या बाजूला दुसरी वस्तुस्थिती होती. १९५३ मध्ये बाबासाहेब हयात असतानाच मराठवाड्यात गायरान जमिनींसाठी फेडरेशनचा सत्याग्रह झाला होता आणि शेकडो लोक तुरुंगात गेले होते. शिवाय १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केल्याची खंत व्यक्त केली होती आणि खेड्यातील भूमिहीन मजुरांसाठी आपल्याला पुरेसे करता आले नाही, हेही दुःखाने सांगितले होते.

दोघांनाही बाबासाहेबांचाच आधार होता. म्हणून एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरविण्यात हशील नाही. घटनेचा अभ्यास करणारा वकील समाजाला हवा होता आणि गायरानावर नांगर धरणाऱ्या मजुराबरोबर उभा राहणारा कार्यकर्ताही हवा होता. बाबासाहेबांच्या एका व्यक्तिमत्त्वात जे दोन्ही एकत्र नांदत होते, ते त्यांच्या पश्चात दोन तंबूंत विभागले गेले. समाजाचे खरे नुकसान या विभागणीत झाले. शिकलेल्याने अडाण्याला हिणवावे आणि अडाण्याने शिकलेल्याचा संशय घ्यावा, ही त्या फुटीने लावलेली सवय अद्याप पुरती गेलेली नाही.

कसणाऱ्यासाठी जमीन

दादासाहेबांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे कार्य म्हणजे भूमिहीनांचे सत्याग्रह. त्यामागचा विचार समजून घेण्यासाठी त्या वेळचे कायदे ध्यानात घेतले पाहिजेत. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कूळ हा जमिनीचा मालक होऊ लागला. या कायद्याने असंख्य शेतकऱ्यांचे कल्याण झाले. परंतु त्याचा लाभ मिळण्यासाठी कूळ म्हणून नाव लागलेले असणे आवश्यक होते. जो केवळ रोजंदारीने दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. दलित समाजातील बहुसंख्य माणसे याच वर्गात मोडत. कायदा त्यांच्या डोक्यावरून निघून गेला.

म्हणून दादासाहेबांची मागणी निराळी होती. सरकारच्या ताब्यातील पडीक जमिनी, गायराने आणि वनखात्याच्या लागवडयोग्य जमिनी भूमिहीनांना द्याव्यात; जे लोक अशा जमिनी आधीपासून कसत आहेत, त्यांचे अतिक्रमण नियमित करावे. १९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात मोठा भूमिहीन सत्याग्रह झाला. नाशिक, खानदेश आणि मराठवाडा येथील खेड्यांतून माणसे निघाली आणि तुरुंग भरले. या लढ्याचे वैशिष्ट्य असे की, मागणी केवळ एका जातीसाठी नव्हती. भूमिहीन आदिवासी आणि इतर जातींतील मजूर यांनाही त्यात स्थान होते.

याहून व्यापक लढा ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सुरू झाला. त्यापूर्वी ऑक्टोबर महिन्यात दिल्लीत संसदेवर मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली होती. जमीन कसणाऱ्याला मिळावी, पडीक जमिनीचे वाटप व्हावे, धान्याचे वाटप व दर यांवर नियंत्रण असावे, किमान वेतनाच्या कायद्याची अंमलबजावणी व्हावी, धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, राखीव जागा भरल्या जाव्यात आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, अशा त्या मागण्या होत्या. सनदेकडे नजर टाकली की दिसते, भाकर, जमीन आणि सन्मान या तिन्ही गोष्टी दादासाहेबांनी एकाच कागदावर मांडल्या होत्या. पुढील काही आठवड्यांत देशभर तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींना अटक झाल्याचे सांगितले जाते. बायाबापड्या कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेल्या. ज्यांच्या घरी उद्याचे धान्य नव्हते, अशी माणसे यात होती. अखेर शास्त्रीजींच्या सरकारने वाटाघाटी करून मागण्यांचा विचार करण्याचे मान्य केले आणि १९६५ च्या प्रारंभी सत्याग्रह थांबला.

या लढ्याची फळे काही तत्काळ आणि काही फार उशिरा मिळाली. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते संसदेच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागण्यास १९९० साल उजाडावे लागले. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतील सवलतीही त्याच वर्षी, कायद्यात दुरुस्ती होऊन मिळाल्या. महाराष्ट्रात राज्याच्या पातळीवर त्या बऱ्याच आधी लागू झाल्या होत्या आणि आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना त्यांचा शिक्षणासाठी लाभ झाला; केंद्राचे दार मात्र सव्वीस वर्षांनी उघडले. जमिनीचे म्हणाल, तर काही गावांत गायरानाचे तुकडे भूमिहीनांच्या नावे झाले आणि काही गावांत अर्ज कचेरीतच पिवळे पडले.

अखेरची वर्षे

१९६७ मध्ये दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी युती केली. हा निर्णय वादग्रस्त ठरला. ज्या पक्षाविरुद्ध आयुष्यभर लढलो, त्याच्याशी हातमिळवणी कशी, असा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारला. केवळ स्वतःच्या बळावर सत्तेच्या एकाही खुर्चीवर आपला माणूस बसत नाही, म्हणून खेड्यातील माणसाला पंचायत आणि जिल्हा परिषदेत शिरकाव मिळावा, अशी दादासाहेबांची दृष्टी असावी. परिणाम मात्र अपेक्षेसारखा झाला नाही. मोठ्या पक्षाने लहान पक्षातील माणसे एकेक करून ओढून घेतली आणि गटबाजी वाढत गेली. थोर माणसाच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्यातून पुढच्या पिढ्यांना शिकता येते.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री या किताबाने गौरविण्यात आले. लोकांनी मात्र त्यांना त्याआधीच कर्मवीर ही पदवी दिली होती. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरचा उदय झाला. रिपब्लिकन नेत्यांच्या फाटाफुटीला कंटाळलेली ती तरुण पिढी होती. तिचा राग समजण्यासारखा होता. पण गायरानाचा आणि मजुरीचा जो प्रश्न तिने पुन्हा उचलला, तो दादासाहेबांनी आधीच चव्हाट्यावर आणून ठेवला होता.

आपल्यापुढील वारसा

महाराष्ट्र शासनाने २००४-०५ पासून दादासाहेबांच्या नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तीत तरतूद आहे. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना तीत प्राधान्य आहे. योजनेचे नाव यथार्थ आहे. तथापि ठरलेल्या दरात विकायला जमीनच पुढे येत नाही, ही अडचण अनेक जिल्ह्यांत जाणवते. निफाडसारख्या पाण्याच्या आणि द्राक्षाच्या तालुक्यात जमिनीचे भाव काय आहेत, हे वाचकांना सांगावयास नको. दादासाहेबांनी पडीक व सरकारी जमिनीचा आग्रह का धरला होता, त्याचे उत्तर यातच आहे.

आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, कारकून, पोलीस, वकील झाली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले. या दोन पिढ्यांमधील अंतर म्हणजे आपल्या समाजाची कमाई आहे. त्या अंतराची दरी होऊ नये, हेच दादासाहेबांच्या जीवनाचे सांगणे आहे. पदवी घेतलेल्याने गावी गेल्यावर सातबाऱ्याचा उतारा वाचून दाखवावा, मजुराचा अर्ज लिहून द्यावा, वसतिगृहातील एका मुलाच्या फीचा भार उचलावा. बाबासाहेबांनी पदवी नसलेल्या भाऊरावांचा सल्ला मोलाचा मानला. आपणही आपल्या गावातील अडाणी वडीलधाऱ्याचे बोलणे ऐकून घ्यावे. विद्या आणि श्रम हे एकमेकांचे हात धरून चालले, तरच धम्मातील करुणेला आपल्या व्यवहारात स्थान मिळेल.

रामकुंडावरून निघालेले गोदेचे पाणी आज सर्वांच्या शेतात सारखेच जाते. हा बदल आपोआप घडला नाही. बंद दारासमोर वर्षानुवर्षे बसून राहणाऱ्या, उपाशीपोटी तुरुंगात जाणाऱ्या हजारो अनाम स्त्री-पुरुषांनी तो घडविला आणि त्यांना एका सूत्रात बांधण्याचे काम आंबे गावच्या एका धोतर नेसणाऱ्या माणसाने केले.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम, नमो बुद्धाय.